बर्मीबाचं नाक

देव ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर बसून होता, त्याला आता चौथा महिना लागला होता. बांधावरून उचलून शेडमध्ये आणताना खाली काहीतरी मऊ हवं म्हणून धाकट्या घरच्या वीरधवलनं टायर दिला. टायर आपला, म्हणजे देवावरही आपला हक्क चार बोटं जास्त, हे त्यानं तेव्हापासून बोलण्याच्या ओघात तीनदा तरी सुचवलं होतं. थोरल्या घरानं त्याला उत्तर म्हणून टायरवर घालायला नवं पोतं दिलं.

मे महिन्यात या देवाच्या, बर्मीबाच्या अंगावरचं शेंदराचं कवच अंड्यासारखं तडकलं आणि आतून जो निघाला तो थोरातांपैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. मिटत आलेले डोळे, कुरळे केस, खांद्याला टेकणारे कान, डाव्या खांद्यावरून आलेली वस्त्राची कड, आणि नाकाच्या जागी खपली. ऐंशी वर्षं आपण ज्याला दर माघात बोकड दिला तो इसम इतका शांत असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. थोरल्या घरच्या सुनेनं, संयोगितानं, फोटो काढून साताऱ्याच्या नव्या संग्रहालयाला पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं. हा बुद्ध आहे, दीड हजार वर्षांपूर्वीचा असावा, आणि कृपया त्याला आता काहीही लावू नका.

मूर्ती द्यायची, हे मग ठरलं. दान द्यायचं आणि खाली संगमरवरी पाटी. पाटीवरचा मजकूर वीरधवलनं संग्रहालयाला न विचारताच छापून आणला होता: ‘सुभेदार गुंडा थोरात यांनी ब्रह्मदेशाच्या रणांगणावरून आणलेली मूर्ती. सौजन्य : वीरधवल जोतीराम थोरात व परिवार.’ ‘व परिवार’मध्ये सख्खा चुलता आला, असं त्याचं म्हणणं.

चुलत्याचं, म्हणजे लालासाहेबांचं, पाटीवरच्या नावाबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण आज सकाळी संग्रहालयाच्या क्रांतीमॅडम कागद घेऊन आल्यापासून ते मूर्तीकडे बघत नव्हते, हे संयोगितानं टिपलं. सासऱ्यांची ही सवय तिला ठाऊक होती. नवरा पठाणकोटला, सासू देवाघरी. बारा वर्षं या माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणं हेच तिचं घरकाम झालं होतं.

क्रांतीमॅडम शेडच्या दारात थांबल्या, सँडल काढले, पुढं जाऊन हात जोडले, आणि मगच टेप काढून मोजमाप घ्यायला लागल्या. ते बघून घरातल्यांनी एकेक करून आपापल्या चपला काढल्या. वीरधवलच्या पायात बूट होते, त्याला नाडीमुळं वेळ लागला.

“मी इथलीच,” मॅडम संयोगिताला म्हणाल्या. “कोरेगावच्या शाळेत होते. तुमचे सासरे, सुभेदारसाहेब, दर पंधरा ऑगस्टला या मूर्तीची गोष्ट सांगायला यायचे. सातवीत असताना मी एक प्रश्न विचारला होता.”

“कुठला?”

“एवढा जड दगड शिपायानं रंगूनहून आणला कसा. सरांनी खाली बसवलं.”

लालासाहेबांनी ऐकलं. त्यांना ती पोरगी आठवली. प्रश्नही आठवला, कारण इतक्या वर्षांत तो एकदाच आला होता.

गोष्ट अशी होती. रंगूनबाहेर एक देऊळ जळत होतं. गुंडा थोरात मूर्तीच्या आडोशाला होता. जपान्यानं गोळी झाडली, ती देवाच्या नाकाला लागली. नाहीतर गुंडाला लागती आणि मग त्याच्या पोटी लालासाहेब हा प्रकारच उद्भवला नसता. साहेबानं खूश होऊन मूर्ती बक्षीस दिली. लालासाहेब ही गोष्ट काठी बंदुकीसारखी धरून सांगत. पलटणीच्या कागदावर गुंडा हवालदार होते. सुभेदारकी गावानं दिली. लालासाहेब स्वतः मात्र खडकीच्या सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या सुरुंग लावणाऱ्या पलटणीतून, खरोखरच सुभेदार होऊन निवृत्त झालेले, त्यामुळं घरात एक तरी बढती कागदोपत्री होती.

“तर हा रकाना,” क्रांतीमॅडम म्हणाल्या. “मिळाल्याचं ठिकाण. तुम्ही अर्जात ब्रह्मदेश लिहिलंय. पण हा आपल्याकडचा काळा दगड आहे. कराडच्या डोंगरात असतो तसाच.”

“मग तिकडं बी आसंल की असला दगड,” वीरधवल म्हणाला. “दगडाला काय पासपोर्ट लागतो?”

“लागतो. परदेशातून आणली म्हणालात तर आणल्याचे कागद लागतात. आणि उद्या माहिती खोटी ठरली, तर मूर्ती दालनात राहत नाही. पेटीत घालून कोठीत ठेवतात. मग पाटी कुठं लावणार?”

वीरधवल पाटीचा कागद घडी करून उघडून बघू लागला.

“आणि इथलीच असली तर?” संयोगितानं विचारलं.

“तर कुठली, कुणाच्या जमिनीतली, कशी मिळाली, ते खरं लिहायचं. कलेक्टर ऑफिसला कळवायचं, ते मी बघते. खरं असलं की सगळं सोपं असतं. बरं, पेपरात नोटीस दिली होती, कुणाची हरकत असल्यास कळवा म्हणून. एक पत्र आलंय. कुंडलहून. ते लोक आज येतायत.”

“हरकत?” वीरधवल उठूनच उभा राहिला. “कुंडलचं कोण? आमच्या देवावर?”

“मगदूम म्हणून आहेत.”

लालासाहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

*

भरतेश मगदूमला यायचंच नव्हतं. तो जैन देवळाच्या ट्रस्टवर होता, द्राक्षाची छाटणी आली होती, आणि ही भानगड फोनवर मिटवता आली असती. पण आजोबांची बहीण राजमती आज्जी, वय वर्षं एकोणनव्वद, हिनं पेपरातला फोटो बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, “मला गाडीत घाल.” कुंडलहून कोरेगावपर्यंत ती एकदाच बोलली. कराडच्या पुलावर तिनं विचारलं, “थोरातांचा गुंडा हाय का गेला?”

“आज्जी, त्यो शंभरीच्या वर आसता.”

“मग गेला आसंल,” ती म्हणाली.

तिला काय आठवलंय, ते भरतेशला कालच कळलं होतं, आणि ऐकून त्याला झोप लागली नव्हती. देवळाच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका त्यानंच काढलेली. त्यात पणजोबांवर चार पानं होती आणि त्यातल्या एकाही पानात हे नव्हतं.

शेडमध्ये सगळ्यांचे नमस्कार झाले. संयोगितानं कांदा, बटाटा न घातलेले पोहे केले होते, पाणी गाळून ठेवलं होतं. आज्जीनं ते ध्यानात घेतलं आणि या घरात एक तरी शहाणं माणूस आहे, अशी नोंद केली. मग ती खुर्चीवर बसून टायरवरच्या मूर्तीकडं बघत राहिली.

“निवद काय दाखवता याला?” तिनं विचारलं.

वीरधवलनं चुलत्याकडं बघितलं. चुलत्यानं छताकडं.

“नारळ,” लालासाहेब म्हणाले.

नारळही दाखवत असत. खोटं म्हणता आलं नसतं.

भरतेशनं वीरधवलला दाराबाहेर घेतलं. दोघं पहिल्यांदाच भेटत होते, पण एकाच कारखान्याला ऊस घालणारी माणसं परकी नसतात.

“हरकत न्हाई आमची,” भरतेश हळू आवाजात म्हणाला. “उलट आमचं म्हणणं आसं, की मूर्ती बर्म्याचीच हाय.”

वीरधवलला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “तुमी हेच सांगाय आलाय?”

“व्हय. ब्रह्मदेशच लिवा. मी लेखी देतो, मगदूमांचा काय संबंध न्हाई.”

“गड्या, माणूस लय समजूतदार हायस तू!” वीरधवलनं त्याचा हात हातात घेतला. “मला वाटलं आलास वाटणी मागाय. ये, चा घे.”

दोघं आत आले ते खांद्याला खांदा लावून. मूर्ती सोडायलाच परवापर्यंत तयार नसलेला वीरधवल आणि तिचं नावही नको असलेला भरतेश, दोघं आता ब्रह्मदेशचे वकील होते.

“मॅडम, दोनी घरांचं एकमत हाय,” वीरधवल म्हणाला. “लिवून टाका.”

“दोन्ही घरांचं एकमत झालं तरी दगड बर्म्याचा होत नाही,” क्रांतीमॅडम म्हणाल्या.

“दगडाचं ऱ्हावू द्या,” आज्जी म्हणाली. “मी सांगते, कुठला ते.”

“आज्जी, तुजी गोळी घ्यायची वेळ झाली,” भरतेश म्हणाला.

“घेतली मी. कराडात.”

*

ती दहा वर्षांची होती. सेहेचाळीस सालचा उन्हाळा. वडलांनी मळ्यात विहीर काढायला घेतली होती आणि पंधरा फुटांवर पाषाण लागला. मग कुणीतरी कोरेगावकडचा माणूस आणला. बर्म्यात रस्ते फोडायच्या पलटणीत होता, सुरुंग लावायला हुशार. अंगावर फौजेचा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. दुसरा नव्हता म्हणून.

“गुंडा तेचं नाव,” आज्जी म्हणाली. “फौजेतनं सुटलेला, घरात खायचं वांधं. दीस उगवला की विहिरीत. आमी पोरीबाळी वरनं बघायचो, तर वरडायचा, ‘पळा गं, उडल!’ आन पळालो की मग बत्ती द्यायचा.”

“आमचा आज्जा विहिरी खणत नव्हता,” वीरधवल म्हणाला. “त्यो सुभेदार होता. गावाच्या वेशीत कमान हाय आमची. सुभेदार गुंडा थोरात प्रवेशद्वार. जपान्याची गोळी काढलीय तिच्यावर, पेंटर सांगलीचा हाय.”

“आसंल,” आज्जी म्हणाली. “कमानीचं मला म्हाईत न्हाई, विहिरीचं म्हाईत हाय. एक धोंडा आडवा होता, तेला भोक पाडून दारू भरली. पर सुरुंग फुसका गेला. धोंडा फुटायच्या ऐवजी उलटा झाला. आन खाली तोंड आसलेलं वर आलं.”

वीरधवलनं टायरवरच्या मूर्तीकडं बघितलं.

“आमच्या आप्पांनी हातच जोडलं. मांडी घातलेली, डोळं मिटलेलं. भगवान सापडलं म्हणून सगळा गाव लोटला. मळ्यातच मांडव घातला. नऊ दीस दुधाचा अभिषेक. आमची एक म्हस तेवढ्यासाठी होती. पंचमीला मिरवणूक काढायची ठरलं, सांगलीहून बँड सांगितला. आन नवव्या दिवशी मुनिमहाराज आले. बघितलं, बघितलं, आन असं एक बोट ठेवलं हितं.” तिनं स्वतःच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. “‘वस्त्र आहे,’ म्हणाले. बस. आमच्यात भगवानांच्या अंगावर सूत नसतंय. महाराज निघून गेले. बँडवाल्यानं आगाऊ रक्कम परत केली न्हाई.”

भरतेशनं डोळे मिटले होते. त्या क्षणी मूर्तीत आणि त्याच्यात एवढं एक साम्य होतं.

“लोक हसले?” संयोगितानं विचारलं.

“हसले न्हाईत म्हणून जास्त. आप्पा दोन दीस जेवले न्हाईत. मग गुंडाला बोलावलं. म्हणाले, ‘गुंडा, तूच काढलास, तूच ने. पर जीव गेला तरी कुंडलचं नाव काढायचं न्हाई.’ गुंडा म्हणाला, ‘शब्द दिला, पाटील.’ खोक्यात घातला, बैलगाडीनं स्टेशनावर. मी गाडीमागं पळाले पार वढ्यापातूर.”

आज्जीनं पाणी मागितलं. संयोगितानं दिलं.

“कोरेगाव स्टेशनात ज्ञानू हमाल होता,” लालासाहेब अचानक म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं; सकाळपासून ते चार शब्दांवर बोलले नव्हते. “दादा सांगायचे. ज्ञानूनं खोकं उचललं आन इचारलं, ‘काय रं गुंडा, बर्म्याहून आणलास?’ दादा म्हणाले, ‘व्हय.’ ”

“बघा!” वीरधवल म्हणाला. “व्हय म्हणाले की न्हाई?”

“मग काय म्हणायचं हुतं? कुंडल?” लालासाहेब म्हणाले.

*

लालासाहेबांना एकोणीसशे एकाहत्तर सालापासून माहीत होतं. सॅपर्समधून पहिल्या मोठ्या रजेवर आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. बर्मीबाच्या बैठकीला मागच्या बाजूनं एक भोक होतं, त्यात घरची माणसं उदबत्ती लावत. बर्मी लोकांची तशी पद्धत असते, असं दादा सांगत. त्या दिवशी उदबत्ती आत बसेना म्हणून लालासाहेबांनी बोट घातलं. आतल्या भिंतीवर फिरवत ठोकलेल्या पहारीचे वळसे होते. बोटाला काळं लागलं. खडकीला त्यांनी सुरुंगासाठी अशी दोनशे भोकं पाडली होती.

त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि उदबत्ती लावली. दादांना विचारलं नाही. दादा पुढं सतरा वर्षं जगले. बापलेकांनी मिळून ती गोष्ट सतरा वर्षं एकमेकांना सांगितली नाही, आणि त्यानंतर लालासाहेब दर पंधरा ऑगस्टला काठी घेऊन शाळेत जात राहिले. बाप खोटा बोलला असं त्यांना वाटे. बाप खोटारडा ठरू नये म्हणून ते स्वतः खोटं बोलत आले. पाटलांना दिलेल्या शब्दाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“पुरावा काय पर?” वीरधवल म्हणत होता. “म्हातारं माणूस. ऐंशी वर्षांपूर्वीचं. हितं मला पोरं सकाळी काय बोलली ते ध्यानात ऱ्हात न्हाई.”

“तेच,” भरतेश म्हणाला. “आज्जीला कवा कवा भास हुतो.”

“माझा भास सोड, तुझ्या स्मरणिकेत सन चुकलाय विहिरीचा,” आज्जी म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडून एक पितळी डबी काढली. झाकण घट्ट होतं. लालासाहेबांनी उघडून दिलं. आत चार सागरगोटे होते, गुळगुळीत, राखाडी. आणि पाचवा काळा, त्रिकोणी, खेळून खेळून कडा झिजलेला.

“सुरुंगानंतर मी खाली उतरले. हे पायाशी आलं. माझ्या पाचांत एक सागरगोटा कमी होता, म्हणून घेतला. सासरला बी नेला. नातीबी खेळल्या. काय हाय ते परवा पेपरात बघितलं तवा कळलं.”

क्रांतीमॅडमनी हातमोजे घातले. पण तुकडा उचलून त्यांनी लालासाहेबांपुढं धरला. “तुम्ही बघा. सॅपर आहात.”

लालासाहेब टायरपाशी गुडघ्यावर बसले. गुडघ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्यांनी तुकडा खपलीवर टेकवला, किंचित फिरवला, पुन्हा टेकवला. पुढचा भाग झिजला होता, पण मागची बाजू दगडाला अशी मिळाली की मध्ये नख जाईना.

वीरधवल वाकून बघत होता. पेंटरला काढायला लावलेली गोळी त्याच्या मनातून कमानीवरून खाली येत असावी.

“नाक लांब हाय की,” तो शेवटी म्हणाला. “आमच्यात कुणाचं एवढं न्हाई.”

“आमच्यात नऊ दीस दूध प्याला,” आज्जी म्हणाली, “तुमच्यात ऐंशी वर्षं...” तिनं हवेत नाक ओढलं. शेडच्या वाश्याला बोकडाचं दावं तसंच लटकत होतं. “नारळ खाल्ला. तरी गप. डोळंच उघडलं न्हाईत बिचाऱ्यानं.”

लालासाहेब उठले नाहीत. तिथूनच, वर बघत, म्हणाले, “आत्ती, तुमच्या आप्पांनी घेतलेला शब्द हाय. आमच्या दादांनी पाळला. मी आता लिवलं तर मोडला म्हणायचा.”

सगळा दिवस ज्यासाठी ते गप्प होते ते हे होतं, असं संयोगिताला वाटलं. मग तिला कळलं की तसं नव्हतं. शब्दाचं त्यांना आत्ता, दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं, आणि तरी ते त्याला लगेच जागले होते.

“म्हणूनच आले न्हवं मी,” आज्जी म्हणाली. “आप्पांच्या घरचं मीच उरले. घेतला तसा सोडते. ल्ही.”

“आज्जी, ट्रस्टमधी काय सांगू मी?” भरतेश म्हणाला.

“सांग, नऊ दीस एका चांगल्या माणसाला दूध पाजलं. त्यात लाज कसली? लाज त्या बँडवाल्याला पायजे.”

भरतेशनं वीरधवलकडं बघितलं. वीरधवल पाटीचा कागद खिशात घालत होता. दोघांची युती पाऊण तास टिकली. जिल्ह्याच्या मानानं बरीच म्हणायची.

क्रांतीमॅडमनी कागद ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला. लालासाहेबांनी खिशातलं पेन काढलं, ‘ब्रह्मदेश’वर एकच सरळ रेघ मारली, शेजारी छोटी सही केली, आणि फौजेत अहवाल लिहीत तशा उभ्या, सुट्या अक्षरात एकेक रकाना भरला.

मिळाल्याचे ठिकाण : मगदूम यांची विहीर, कुंडल.

मूर्तीतील दोष : नाक. वडिलांच्या सुरुंगाने. (नाक सोबत जोडले आहे.)

पुढचा रकाना ‘मोबदला’ असा होता. “इथं काही नाही लिहिलं तरी चालतं,” क्रांतीमॅडम म्हणाल्या. “दान असेल तर रेघ मारा.”

लालासाहेबांनी रेघ मारली नाही. वीरधवल खांद्यावरून वाचायला पुढं आला आणि त्यानं बाहेर जाताना पुन्हा घातलेले बूट बघून संयोगितानं त्याला मागं सरकवलं.

मोबदला : गप्प राहणे, एकोणऐंशी वर्षे. पूर्ण दिला.

त्यांनी सही केली, आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून पेन आज्जीच्या हातात दिलं.